आईच्या ताटावर लक्ष

२५ ऑक्टोबर, शनिवार

पोचले एकदाचे! टूरच्या ग्रुपवर फोटो आलाय. बीजिंगचा विमानतळ, पिवळ्या टोप्या घातलेली तीसेक माणसं आणि दुसऱ्या रांगेत आई. टोपी तिरकी. बाबा नेहमीप्रमाणे कडेला, अर्धे कापले गेलेले.

ग्रुपमध्ये मलाही घेतलंय. टूर मॅनेजर गुरुनाथ फोनवर म्हणाला, "परदेशातल्या मुलांना आम्ही ॲड करतोच मॅडम, त्यांनाच जास्त टेन्शन असतं." भारतातलं रोमिंगचं कार्ड असलं की तिकडेही व्हॉट्सॲप चालतं म्हणे. चला, निदान डोळ्यांसमोर तरी राहतील.

मला हे चीन अजून पटलेलं नाही. नागपूरचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. आईच्या किडन्यांनी जवळजवळ हात टेकलेत, काही महिन्यांत डायलिसिस लागणारच. खाण्यापिण्याचं सांभाळलं तर थोडं पुढे ढकलता येईल, आणि कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. हे ऐकल्याबरोबर मी डब्लिनची तिकिटं बघायला घेतली. आणि आई म्हणाली, आपण चीनला जाऊ या!

"डब्लिनला काय, येऊन मी पोळ्याच लाटणार."

हसत म्हणाली, पण म्हणाली. मागच्या खेपेला तिने आमचा अख्खा फ्रीझर भरून ठेवला होता, पोळ्या, पुरण, वाटणं. ओंगारच्या, आमच्या या वस्तीच्या, बाहेर फारशी पडलीच नाही. आम्ही ऑफिसात, ती ओट्याशी. मी तेव्हा काही म्हटलं नाही, आयतं मिळत होतं. तरी आता तिने बोलून दाखवलं ते लागलंच.

जन्मभर शाळेत गृहविज्ञान शिकवलं तिने. निवृत्त झाल्यापासून दुपारी मोबाईलवर एकच उद्योग, चीनमधल्या हातगाड्यांचे व्हिडिओ. कुणी कणीक ओढतंय, कुणी कढईत जाळ काढतंय. "हात बघ त्याचा, हात!" बाबांना उठवून दाखवायची. मला वाटायचं, आहे आपली करमणूक. तिला तिथे जायचं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं मागे गेली. आता आईबाबा आठ तास पुढे. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी ऑफिसातली सकाळ. लक्ष ठेवायला सोयीचंच आहे.

चीनची भिंत बघून झाली. आई अर्ध्यातून परत फिरली आणि खाली येऊन गाडीवरचं काहीतरी खाल्लं. आवाज इतका आनंदी की मीच गोंधळले. "अगं, आपलं धिरडंच की! मुगाचं पीठ तव्यावर पसरलं, वर अंडं फोडलं आणि असं पटकन दुमडून हातात! मी त्या बाईला खुणेने सांगितलं, मीही असंच करते. तिने मला उलथनं दिलं!"

मी विचारलं, वर काय लावलं होतं?

"काहीतरी काळं, गोडसर."

म्हणजे सॉस. म्हणजे मीठ. म्हटलं, आई, तुला कळतंय ना? ती म्हणाली, "एवढंसंच खाल्लं गं." पण मघाचा आवाज राहिला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बँक हॉलिडे. मुकुलची प्लांटमध्ये शिफ्ट आहे, सणवार काही नाही त्यांना. कॉम्प्युटरच्या चिप्स काही सुट्टी घेत नाहीत म्हणतो. रेवाच्या शाळेला आठवडाभर मिडटर्मची सुट्टी. बाहेर पाऊस नाही आणि ऊनही नाही, नुसतं राखाडी.

बाबांना सविस्तर सूचना पाठवल्या. सोया सॉस नाही, लोणचं नाही, रस्सा प्यायचा नाही. केळी, संत्री, डाळिंबाचा रस नाही. पाणी मोजून. बाबांचं उत्तर, "बरं." निळ्या खुणा दिसल्या, पण वाचलं असेल असं वाटत नाही. माझ्या लांब मेसेजना बाबा नेहमी एवढंच लिहितात.

मुकुल म्हणतो, त्याची बायको आता आईंची टेस्टिंग लीड झालीय. गंमत करतो, पण खोटं नाही. माझं कामच ते, दुसऱ्याने मन लावून केलेल्या गोष्टीत चूक कुठे आहे ते शोधायचं. घरी आल्यावर ते बटण बंद होत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आईने फोन उचलला नाही. बाबांचा मेसेज, "शिआनच्या ट्रेनमध्ये. मजेत." मजेत म्हणजे काय खाल्लं?

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज मी एक गोष्ट केली. योग्यच केली असं वाटतंय. लिहून ठेवते.

सकाळी क्लोन्सिलाहून गाडी पकडली, कॉनोलीला उतरून डार्टच्या लोकलमध्ये बसले आणि ग्रुप उघडला तर व्हिडिओ. स्वानंदी म्हणून ठाण्याची एक मुलगी आहे टूरवर, नवऱ्याबरोबर आलेली, सतत शूटिंग करत असते. शिआनची ती जुनी गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, वाफ, लाल कंदील, माणसांची ही गर्दी. आणि मधोमध आई! एका नूडल्सवाल्याच्या ओट्यामागे उभी! त्याने हातात कणकेची लड दिलीय, आई ती ओढतेय, आपटतेय, पुन्हा ओढतेय. भोवती आपले पिवळ्या टोपीवाले, "प्रभाकाकू! प्रभाकाकू!" म्हणून टाळ्या वाजवतायत. लड तुटली नाही. तो नूडल्सवाला वाकून नमस्कार करतो आणि तेच नूडल्स उकडून वर तिखटजाळ तेल ओतून तिच्या हातात देतो. मग कुणीतरी तिला तळलेल्या गोड वड्या भरवतं. पर्सिमन नावाच्या फळाच्या असतात त्या, मी शोधून काढलं. पोटॅशियमने नुसत्या भरलेल्या! आई डोळे मिटून खाते. मागून बाबांचा हसण्याचा आवाज. बाबा एवढ्या मोठ्याने हसतात हे मी विसरलेच होते.

खाली तीस जणांचे बदाम आणि टाळ्या. कुणीतरी लिहिलंय, "उद्या काकूंना अजून खिलवायचं!"

मी फोन केला. नाही उचलला. बाबांना केला. "गर्दीत आहोत, नंतर करतो." गुरुनाथला केला, बिझी. ग्रँड कॅनाल डॉक आलं, उतरले, पाण्याच्या कडेने चालत राहिले. माझं गणित साधं. तिने सांभाळलं तर डायलिसिस उन्हाळ्यापर्यंत लांबेल आणि उन्हाळ्यात ती इथे येऊ शकेल. एकदा सुरू झालं की संपलं, मग ती डब्लिनला यायची नाही. हे मी कुणालाच बोलले नाहीये, मुकुललाही नाही. आणि तिथे माझा उन्हाळा अनोळखी माणसं तिला वडीवडीने भरवून टाकत होती!

बाकावर बसले आणि ग्रुपवर लिहिलं. शांतपणे लिहिलं, नम्रपणे. इथे उतरवून ठेवते.

"नमस्कार मंडळी. मी प्रभाताईंची मुलगी सानिका, डब्लिनहून. माझ्या आईच्या किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत आणि लवकरच डायलिसिस सुरू करावं लागणार आहे. कृपया तिला रस्त्यावरचं, खारट, सॉस घातलेलं काही देऊ नये. तिने मागितलं तरी देऊ नये. आपण सगळे माझ्या कुटुंबासारखेच आहात."

पाठवलं. ऑफिसात जाऊन बसेपर्यंत उत्तरांची रांग. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. "आम्हाला कल्पनाच नव्हती." "अरेरे." "काळजी करू नका ताई, आम्ही आहोत." गुरुनाथचा वेगळा मेसेज, "आधी सांगायला हवं होतं मॅडम. आता मी स्वतः बघतो."

हुश्श. किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गुरुनाथने फोटो पाठवला. स्टीलची वाटी, पांढरी मऊ खिचडी. टूरबरोबर त्यांचा आपला आचारी असतो, त्याने आईसाठी बिनमिठाची वेगळी केली. वाटीशेजारी आईचा हात. नुसता हात.

एफाला सांगितलं, ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती, कॉर्ककडची. वाटलं होतं शाबासकी देईल. ती चहा ढवळत राहिली आणि म्हणाली, "आह सानिका. द पुअर क्रेचर वॉज ऑन हर होलिडेज."

म्हटलं, तुला नाही कळायचं, आमच्याकडे आईवडिलांची काळजी घेतात. फार वाईट बोलले. तिच्या वडिलांना तिनेच शेवटी सांभाळलं, मला माहीत आहे. ती "यू'र ग्रँड", म्हणजे असू दे, म्हणाली आणि हेडफोन लावून बसली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हॅलोविन. रेवा चेटकीण होऊन फिरून आली. पिशवीभर गोळ्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लपवून ठेवल्या. रेवामुळे आता आमच्याही तोंडात कपाट येत नाही.

सकाळी आईशी बोलणं झालं. चेंगडूला पोचलेत. मी विचारायच्या आतच तिने सगळं सांगितलं, भात खाल्ला, उकडलेली भाजी खाल्ली, पाणी मोजून प्याले. शाळेतली मुलं बाईंना सांगतात तसं. मी म्हटलं, रागावलीस का? "छे गं. बरं झालं सांगितलंस. सगळे फार काळजी घेतात आता. माझी पिशवीसुद्धा मला धरू देत नाहीत."

"आणि मजा?"

"मजा आहे की."

शिआनचा व्हिडिओ मी रेवाला दाखवला. तिने तीनदा बघितला. "आजी लुक्स सो हॅपी, मॅमी!" मग विचारलं, आजच्या फोटोंत आजी का नाही. तिला समजेल तसं सांगितलं, आजीला बरं नाही, मी सगळ्यांना कळवलं, म्हणजे ते तिला जपतील. चेटकिणीची टोपी काढून ती माझ्याकडे बघत राहिली.

"सो यू टोल्ड ऑन हर."

शाळेत कुणी बाईंकडे चहाडी केली की त्यांच्यात हाच शब्द. मी म्हटलं, तसं नसतं ते. तिने मान डोलावली आणि गोळ्या मोजायला गेली.

१ नोव्हेंबर, शनिवार

पांडा बघून झाले. ग्रुपवर एकूण एक माणूस पांडाबरोबर. आईचा एकच फोटो, खुर्चीवर. तिथे खुर्ची कुठून आणली असेल? गुरुनाथने कुठून तरी मिळवली असणार. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, आजूबाजूला दोन बायका, तिच्याकडे कौतुकाने आणि दयेने बघणाऱ्या. टोपी सरळ.

खाली कुणीतरी लिहिलंय, "आमच्या शूर काकू."

शूर! परवापर्यंत ती नुसती प्रभाकाकू होती.

२ नोव्हेंबर, रविवार

चेंगडूची खाऊगल्ली होती आज. म्हणजे आईच्या सगळ्या व्हिडिओंची राजधानी. तिथलं ते जीभ झिणझिणवणारं मिरं म्हणजे आपलं कोकणातलं तिरफळच, असा तिचा शोध होता. निघायच्या आधी किती उत्साहात सांगितला होता मला! "एकदा खाऊन बघते आणि खात्री करते," म्हणाली होती. मी तेव्हा लॅपटॉपवर काहीतरी करत होते. हूं हूं केलं.

ग्रुपवर फोटोंचा पाऊस. सगळे खातायत, डोळ्यांतून पाणी, जिभा बाहेर. सगळे आहेत, स्वानंदी आहे, गुरुनाथ आहे, मुंबईचे ते जोशी पतीपत्नी आहेत. आई नाही. बाबा नाहीत. मी विचारलं. गुरुनाथचं उत्तर, "काका-काकू बसमध्ये आराम करतायत. काकूंना वासाने त्रास नको म्हणून मीच सुचवलं. एसी चालू ठेवलाय मॅडम."

एसी चालू ठेवलाय.

बाबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. माझ्यावर बाबा कधी आवाज चढवत नाहीत, आजही नाही चढवला. उलट फारच हळू बोलत होते. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती म्हणे.

"तिने इथे कुणालाही सांगितलं नव्हतं, सानू. मलाही बजावलं होतं, बोलायचं नाही. नागपुरात तिला जो भेटतो तो पहिल्यांदा तब्येत विचारतो. दूधवालासुद्धा. इथले कुणी ओळखीचे नाहीत, हेच तिला हवं होतं. थोडे दिवस तरी कुणी तिला 'कसं वाटतंय' विचारू नये, एवढंच."

मी म्हटलं, पण ती खात होती बाबा, वाट्टेल ते.

"प्रत्येक गोष्टीचा एक घास. चव बघायची आणि वाटी मला द्यायची. माझंच पोट बिघडलंय चार दिवस. त्या नूडल्सची वाटी तिने संपवली असं वाटलं तुला? मी खाल्ली सगळी. व्हिडिओत ते येत नाही."

बसमध्ये कुठलंसं चिनी गाणं चालू होतं.

"एक घास खाऊ द्यायचा होता गं," बाबा म्हणाले आणि ठेवला.

मी ताबडतोब तो मेसेज पुसायला गेले. आता सगळ्यांकडून पुसता येत नाही. वेळ उलटून गेली की फक्त आपल्यापुरता पुसता येतो. तरी पुसला. माझ्या फोनवर नाही तो आता, बाकी तीस जणांकडे आहे.

काय केलं मी हे? काय केलं?

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेले नाही, घरून काम म्हणून सांगितलं आणि केलं काहीच नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं, "कृपया आईला नेहमीसारखं वागवा." वाचून पाहिलं तर पहिल्यापेक्षा भयंकर. "ती एक घास खाऊ शकते." हेही तसंच. काहीही लिहिलं तरी तिच्याबद्दल मीच बोलणार, आणि ती तिथे बसून वाचणार. नाही पाठवलं.

गुरुनाथला फोन केला. म्हटलं, शांघायला तिला जे हवं ते खाऊ द्या. तो बिचारा घाबरला. "मॅडम, आता लेखी आहे ना ग्रुपवर. उद्या काही झालं तर कंपनी मला धरेल." त्याचं काय चुकलं? मीच लिहिलं होतं, मागितलं तरी देऊ नये.

मुकुलला सगळं सांगितलं. उन्हाळ्याचंसुद्धा. वाटलं होतं चिडवेल. तो बराच वेळ भांडी विसळत राहिला. मग म्हणाला, "तुला आई इथे हव्या होत्या, हे तू त्यांना कधी सांगितलंस?"

नाही सांगितलं. मी सॉसबद्दल सांगितलं, केळ्यांबद्दल सांगितलं. मला तू हवी आहेस, हे एवढं सोपं वाक्य नाही सांगितलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज फोनवर सांगितलं आईला. चुकलं माझं म्हटलं. तू उन्हाळ्यात यावंस म्हणून सगळं चाललं होतं म्हटलं. रडले पण.

"अगं वेडे, त्यात काय रडायचं? माझ्याच भल्यासाठी केलंस ना? मला कळतं ते." मग रेवाचं विचारलं, मुकुलच्या शिफ्टचं विचारलं, थंडी पडली का विचारलं. माफ केलं असं म्हणाली नाही, कारण रागावले असंही म्हणाली नव्हती. सगळं इतकं गुळगुळीत की हाताला काही लागत नाही.

शांघायला काय बघितलं विचारलं. "उंच इमारती," म्हणाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुंबईत उतरले. ग्रुपवर निरोपाचे मेसेज, पुन्हा भेटू, गेट-टुगेदर करू. मला काढून टाकलं ग्रुपमधून. टूर संपली की नातेवाइकांना काढतातच, गुरुनाथने आधी सांगितलं होतं. तरी नाव गेलेलं बघून कसंतरी झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईचे रिपोर्ट आले. बाबांनी वाचून दाखवले. किडन्यांचं काम ट्रिपच्या आधी जिथे होतं तिथून थोडं खाली, डॉक्टरांनी धरलं होतं तेवढंच. मी विचारलं, चीनमध्ये जे खाल्लं त्याने? बाबा म्हणाले, "मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले एवढ्यातेवढ्याने काही होत नसतं, हे असंच उतरत जाणार होतं. मजा केलीत ना, एवढंच विचारत होते."

आईने डॉक्टरांना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. तिने हो म्हटलं असणार. समोरच्याला बरं वाटेल तेच बोलते ती.

म्हणजे मी काहीही वाचवलं नाही. उन्हाळा नाही, किडनी नाही, काहीच नाही. ती एक गल्ली तेवढी घालवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता अंधार पडायला लागलाय. एफाची माफी मागितली. "स्टॉप, इट्स ग्रँड," म्हणाली. मग तिच्या वडिलांचं सांगितलं. शेवटच्या महिन्यात ती त्यांना रोज अर्धा ग्लास स्टाऊट, ती काळी बिअर, चोरून द्यायची, नर्सला माहीत असून नर्स खिडकीबाहेर बघायची. सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी नर्सही नव्हते. आठ तास मागे बसलेली मुलगी होते.

३० नोव्हेंबर, रविवार

आईला एक नवी सवय लागलीय. व्हिडिओ कॉलवर जेवायला बसली की ताट उचलून कॅमेऱ्याला दाखवते. मी न विचारता. "बघ हं, भाजीत मीठ नाही. वरण पातळ. कोशिंबीर नाही." आणि थांबते, मी बघेपर्यंत. मी म्हणते, आई, अगं ठेव ते. ती म्हणते, "नाही, बघ तू. तुला काळजी असते."

रागाने करत नाही. तेच सहन होत नाही. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी आज तिला मुद्दाम तिरफळाचं विचारलं. चीनमधलं ते मिरं तसंच होतं का? "कोण जाणे गं. राहिलंच ते."

१४ डिसेंबर, रविवार

गॉलवेला गेलो होतो, मुकुलच्या मित्राकडे. विक्रांत आणि त्याची बायको निधी, दोघेही मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत. छान आहेत. जेवताना विक्रांत त्याच्या आईवर वैतागत होता, ऐकतच नाही, मधुमेह आहे आणि दुपारी चोरून श्रीखंड खाते, नागपंचमीला पुरणाचे दिंड किती खाल्ले, शेजारणीला सांगून ठेवलंय लक्ष ठेवायला. सगळे हसले. मीही हसले. मग त्याला म्हटलं, शेजारणीला नको सांगूस. तो म्हणाला, का? मला नीट सांगता आलं नाही. म्हटलं, मग ती तुला काहीच सांगणार नाही रे. त्याला वाटलं मी श्रीखंडाबद्दल बोलतेय.

परत येताना गाडीत रेवा झोपली होती.

२७ डिसेंबर, शनिवार

आईशी रोज बोलणं होतं. सगळं ठीक असतं. तब्येत ठीक, भूक ठीक, झोप ठीक. नागपुरात थंडी आहे म्हणून गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसते. चेहरा जरा उतरलाय असं वाटलं, विचारलं, तर म्हणाली उजेड कमी आहे.

मीही आता खोदून विचारत नाही. सुधारायचं ठरवलंय. फक्त विचारते, आज काय केलंस, आणि ती जे सांगेल ते ऐकते. मुकुल म्हणतो, बघ, किती शांत झालीस. मलाही वाटतं, हळूहळू पूर्वीसारखं होईल आमचं.

उन्हाळ्याची तिकिटं बघून ठेवलीत. तिला अजून सांगितलं नाही. या खेपेला तिला ओट्याशी फिरकू द्यायची नाही. डब्लिनमध्ये जे जे रस्त्यावर मिळतं ते तिला घेऊन द्यायचं. एकेक घास तिचा, बाकी बाबांचा आणि माझा.

१८ जानेवारी, रविवार

स्वानंदीचा मेसेज आला. ठाण्याची, ती शूटिंग करणारी. माझा नंबर जपून ठेवला होता म्हणे. "ताई, आम्ही टूरवाले मिळून काकूंना एक शाल पाठवतोय. डायलिसिसच्या वेळी थंडी वाजते म्हणाल्या. सुरू होऊन महिना होत आला ना आता? आधी फार घाबरल्या होत्या, रोज फोन करायच्या मला, आता छान रुळल्यात. त्यांना सरप्राईज द्यायचंय, म्हणून तुम्हाला विचारते, रंग कुठला आवडतो?"

निळा, असं कळवलं.

मग आईला फोन केला. आज काय केलंस? "भजनाला गेले होते गं. तीन-चार तास एका जागी बसून पाठ धरली." आई आयुष्यात कधी भजनाला गेलेली नाही. बरं केलंस, म्हटलं.